कॅमेरा दुकानात मिळतो, भरवसा फिटिंगमध्ये : गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचं माउंट कसं निवडायचं, कसं बसवायचं आणि त्यातून धंदा कसा उभा करायचा



आज एका छोट्या वस्तूबद्दल बोलू. तळहातावर मावेल एवढी लोखंडी किंवा प्लास्टिकची पट्टी, दोन स्क्रू आणि एक रबरी रिंग. गाडीच्या मागचा कॅमेरा ज्यावर बसतो ते माउंट. गिऱ्हाईक त्याच्याबद्दल कधीच विचारत नाही. तो विचारतो, "कॅमेरा एचडी आहे का? रात्री दिसतं का?" पण कॅमेरा दोन महिने टिकणार की पाच वर्षं, आणि तो ऐन वेळी खरं दाखवणार की खोटं, हे ही पट्टीच ठरवते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, अंगावर आलेलं सांगतोय.

माझी सासुरवाडी नसरापूरजवळ. दोन पावसाळ्यांपूर्वी तिकडे गेलो होतो. आदल्या वर्षीच गाडीला मागचा कॅमेरा बसवून घेतला होता, स्वस्तात, घाईत, कुठे ते सोडा. सकाळी निघायला गाडी अंगणात मागे घेत होतो. स्क्रीनवर बघतोय तर जांभळाचं झाड आणि शेजारच्यांचे पत्रे दिसतायत. मनात म्हटलं, मागे मोकळं आहे. आणि तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, थांबा! थांबा!" ब्रेक मारला, तोवर चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं होतं. उतरून बघतो तर शेजारच्या पोराची तीनचाकी. पोरगं नुकतंच तिच्यावरून उतरून ओट्यावर बिस्किट मागायला गेलं होतं. एका बिस्किटाचं अंतर होतं म्हणा ना.

त्या पोराच्या आईने मला एक शब्दही बोललं नाही. पोराला उचलून कडेवर घेतलं आणि आत गेली. ते मला आजही आठवतं.

नंतर कॅमेरा बघितला. कॅमेरा उत्तम चालू होता, चित्र स्वच्छ होतं. पण ब्रॅकेटचा एक स्क्रू ढिला होऊन कॅमेरा वर आभाळाकडे बघत होता. दोन-पाच रुपयांचा स्क्रू. कॅमेरा बंद असता तर मी मान वळवून बघितलं असतं. चालू होता म्हणून त्याच्यावर विसंबलो. चुकीच्या जागी बसलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा घातक असतो, हे त्या दिवशी कळलं. आणि ही माझीही चूक होतीच. स्क्रीनवर झाड दिसतंय हे दिसत असूनही मी गाडी मागे घेतली.

म्हणून आजचा विषय दोन भागांत. आधी काम नीट कसं करायचं, मग त्याचा धंदा कसा करायचा.

आधी समजून घ्या : कॅमेरा नेमका कशासाठी?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला २००२ साली एका डॉक्टर वडिलांच्या हातून, स्वतःच्याच घरासमोर गाडी मागे घेताना, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गलब्रान्सन गेला. त्याच्या नावाने अमेरिकेत २००८ साली कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना मागचं चित्र दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नियमात एक माप आहे, ते तुम्ही पाठ करा : गाडीच्या थेट मागे १० फूट रुंद आणि २० फूट लांब एवढा पट्टा चालकाला दिसला पाहिजे. आपल्यावर तो नियम लागू नाही, पण काम तपासायला माप म्हणून छान आहे. पुढे ते वापरणार आहोत.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. लक्षात घ्या, सेन्सर, कॅमेरा नाही. म्हणजे त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना दोन्ही नाही, आणि नंतरच्या खालच्या मॉडेलना बऱ्याचदा नुसता 'टूं टूं' आवाज आहे, चित्र नाही. तुमचं गिऱ्हाईक इथे आहे.

नसरापूरला कुठल्या गाड्या येतात ते बघा

कुठलंही माउंट निवडण्याआधी आपल्या चौकात उभं राहून एक तास गाड्या मोजा. मी चेलाडी फाट्यावर हे केलं होतं. पुणे-सातारा हायवेवरून भरधाव जाणाऱ्या गाड्या बघून हुरळून जाऊ नका. कोल्हापूरला निघालेला माणूस दोन तास थांबून कॅमेरा बसवणार नाही. फाट्यावरून आत वळणाऱ्या गाड्या मोजा. वेल्ह्याकडून भाजी, भात, दूध घेऊन येणारे पिकअप. छोटा हत्ती. शाळेच्या व्हॅन. राजगड-तोरण्याला, बनेश्वरला माणसं नेणाऱ्या भाड्याच्या गाड्या. घरची जुनी हॅचबॅक. कापूरहोळ, किकवी, भोर, खेड शिवापूर, मार्गासनी, वेल्हे, हा तुमचा बाजार. ही माणसं पुन्हा पुन्हा याच रस्त्याने जाणार. काम चांगलं झालं तर सांगतील, आणि बिघडलं तर जास्त मोठ्याने सांगतील.

आता इथली हवा बघा. वेल्हे-भोर म्हणजे घाटमाथ्याजवळचा पट्टा. पावसाळ्यात धो-धो पाऊस, कच्च्या रस्त्याचा लाल चिखल, उन्हाळ्यात तापलेला पत्रा, आणि वर्षभर खड्ड्यांचे हादरे. पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टिकणारं फिटिंग इथे टिकेलच असं नाही. इथलं माउंट तीन गोष्टींना पुरलं पाहिजे : पाणी, हादरा आणि चिखल.

माउंटचे पाच प्रकार

पहिला, वरून बसवायचा ब्रॅकेट. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली छोटी पट्टी, जी नंबर प्लेटच्या वरच्या भागात दोन स्क्रूने किंवा दुहेरी चिकटपट्टीने बसते. स्वस्त, पटकन होतं, कोन बदलता येतो. पण कोन बदलता येतो म्हणजे तो आपोआपही बदलतो. माझ्या गाडीवर हाच होता. वापरायचा तर नायलॉक नट किंवा स्प्रिंग वॉशर हवाच. नुसत्या चिकटपट्टीवर खड्ड्यांच्या रस्त्याची गाडी सोडू नका.

दुसरा, नंबर प्लेटच्या बोल्टात अडकवायची पट्टी. गाडीला भोक पाडावं लागत नाही म्हणून लोकांना आवडते. पण आता इथे मोठी अडचण आहे. उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी, म्हणजे एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावणं बंधनकारक केलं आहे. मागची प्लेट एकदाच वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. ते लॉक काढलं की तुटतं. त्यामुळे कॅमेऱ्यासाठी एचएसआरपी काढायची नाही, तिला भोक पाडायचं नाही, आणि कॅमेऱ्याने एकही अक्षर झाकायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल, "अहो दादा, काय होतंय, काढा की." तुम्ही हसून नाही म्हणा. दंड त्याला भरावा लागेल, पण नाव तुमचं निघेल.

तिसरा, भोक पाडून आत बसणारा, गोल कॅमेरा. दिसायला सगळ्यात सुबक, हादऱ्याने कोन बदलत नाही, चोरायलाही अवघड. पण एकदा भोक पाडलं की पाडलं. ते शक्यतो नंबर प्लेटवरच्या प्लास्टिकच्या पट्टीत पाडा, पत्र्यात नको. पत्र्यातच पाडायची वेळ आली तर गंज लागणार नाही याची पूर्ण काळजी, ती पुढे सांगतो.

चौथा, त्या त्या मॉडेलसाठी बनलेला. डिकीच्या हँडलच्या जागी किंवा नंबर प्लेटच्या दिव्याच्या जागी तसाच भाग येतो, त्यातच कॅमेरा असतो. भोक नाही, कोन कारखान्यात ठरलेला, दिसायला कंपनीचाच. थोडा महाग, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणून साठा करून ठेवता येत नाही. ऑर्डर आल्यावर मागवा. घरच्या चांगल्या कारला मी हाच सुचवतो. गाडीचं मॉडेल आणि वर्ष बघूनच मागवा. दिसायला सारखे दोन भाग अर्ध्या सेंटीमीटरने चुकतात.

पाचवा, पिकअप-टेम्पोसाठी जाड लोखंडी ब्रॅकेट. याला वर टोपी असलेला, चौकोनी, जड कॅमेरा लागतो. इथे नवशिके एक ठरलेली चूक करतात. कॅमेरा फाळक्यावर बसवतात. फाळका खाली सोडला की कॅमेरा जमिनीकडे बघतो, आणि माल चढवताना पहिला ठोका त्यालाच बसतो. म्हणून तो फाळक्यावर न बसवता खालच्या आडव्या चॅनेलला किंवा बंपरच्या पाइपला, थोडा आत घेऊन बसवा. आणखी एक, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा कॅमेरा सरळ जोडला तर जळणार. आधी मीटर लावून बघा, मग वायर हातात घ्या.

कॅमेरा घेताना पाणीरोधकतेचा आकडा बघा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी आत पाणी जात नाही. मात्र तो आकडा कॅमेऱ्याचा आहे, तुम्ही केलेल्या जोडाचा नाही. पाणी बहुतेक वेळा वायरच्या जोडातून शिरतं.

कोनाचं गणित, एकदाच समजून घ्या

कॅमेऱ्याच्या चित्राची खालची कड सरळ खाली बघत असेल तर बंपर दिसतो. बंपरची बारीकशी कड स्क्रीनवर खाली दिसलीच पाहिजे. ती दिसली की समजा, मधलं काही सुटत नाही.

आता समजा कॅमेरा जमिनीपासून ९० सेंमी उंच आहे आणि तो १५ अंश वर उचलला गेला. मग बंपरमागची साधारण २४ सेंमी जमीन दिसेनाशी होते. ३० अंश उचलला तर ५२ सेंमी. ४५ अंश उचलला तर पूर्ण ९० सेंमी. म्हणजे बंपरपासून फूटभर अंतरावर ६० सेंमीपेक्षा बुटकं काहीही असेल, ते स्क्रीनवर नाही. बसलेलं लेकरू तेवढंच असतं. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

उलट फार खाली वाकवला तर नुसता बंपर आणि जमीन दिसते, मागून येणारी दुचाकी दिसत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा : खाली बंपरची कड, वर आभाळाची बारीक पट्टी, आणि मध्ये सगळी जमीन.

बसवायचं काम, क्रमाने

१. आधी जोडून बघा, मग बसवा. टेबलवर कॅमेरा, स्क्रीन आणि १२ व्होल्टची बॅटरी जोडून चित्र येतंय का बघा. खराब निघालेला कॅमेरा भोक पाडल्यावर कळण्यात काय फायदा?

२. चित्र उलटं-सुलटं तपासा. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं दिसलं पाहिजे, म्हणजे गाडीच्या डावीकडची वस्तू स्क्रीनवरही डावीकडेच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरला दोन छोटे लूप असतात. एक कापला की चित्र पलटतं, दुसरा कापला की रेघा जातात. कागद वाचा, खात्री करा, मगच कापा. कापलेला लूप परत जोडताना पाणी जायला वाट होते.

३. जागा ठरवा. शक्यतो मधोमध. नंबर प्लेटच्या दिव्याचा उजेड सरळ भिंगावर येणार नाही अशी. कॅमेरा कागदी चिकटपट्टीने तात्पुरता लावा, गिऱ्हाइकाला सीटवर बसवून स्क्रीन दाखवा, त्याने "हां, बरोबर" म्हटलं की मगच खूण करा.

४. मागे काय आहे ते बघा. आतलं कव्हर काढल्याशिवाय ड्रिल लावू नका. तिथे वायर असते, कुलपाची सळी असते, मागच्या वायपरची मोटर असते. सीएनजी गाडीत तर टाकी आणि नळीपासून लांबच राहायचं. तिथे शंका असेल तर काम नाकारा.

५. भोक. कागदी पट्टी लावा, मध्यावर ठोका मारा, आधी ३ मिमीचं बारीक भोक, मग किटसोबत आलेला होल-सॉ, कमी वेगाने. पत्र्याची कड कानशीने गुळगुळीत करा, लोखंडाचा कीस पूर्ण झाडा. तो कीस तिथेच राहिला तर पहिल्या पावसात तांबडा डाग दिसतो. मग कडेला प्राइमर आणि वर रंग, सुकू द्या. घाई इथेच नडते.

६. सीलंट. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका. त्यातलं ॲसिड धातू खातं. 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या.

७. चिकटपट्टी वापरत असाल तर जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा तेलाच्या थरावर काहीही चिकटत नाही. दाबून धरा, आणि गिऱ्हाइकाला सांगा, "दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका." पकड पूर्ण यायला तेवढा वेळ लागतो.

८. वायर. डिकीतून गाडीत जाताना वायर कंपनीच्या रबरी नळीतूनच न्या. बाहेरून, रबराच्या पट्टीखाली दाबून नेलेली वायर वर्षभरात कापते. डिकी पूर्ण उघडा आणि वायर ताणली जात नाही ना ते बघा. कॅमेऱ्याजवळ वायरला खाली थोडा झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं, जोडात शिरत नाही. जोड पिळून वर काळी टेप, हे बंद. क्रिम्प किंवा सोल्डर करा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी.

९. वीज. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स दिव्याच्या पॉझिटिव्हला, काळी बॉडीला. मधे छोटा फ्यूज. चित्राच्या केबलसोबत येणारी बारीक लाल वायर स्क्रीनला 'गाडी रिव्हर्स पडली' हे सांगते, ती विसरू नका. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स दिव्याची वीज तुकड्या-तुकड्याने येते, चित्र लुकलुकतं. तिथे फिल्टर किंवा रिले लागतो. आणि वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापण्याआधी गिऱ्हाइकाला सांगा की त्या भागाच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. सांगा आणि लिहून घ्या.

शेवटचा अर्धा तास : बादलीची परीक्षा

काम झालं की पैसे मागू नका. एक बादली आणा.

गाडीमागे १० फूट रुंद, २० फूट लांब चौकोन चुन्याने आखा. दुकानासमोर कायमचा आखून ठेवला तर उत्तम, येणारा-जाणारा विचारतोही, "हे काय आहे?" बादली बंपरपासून एक फुटावर ठेवा, मग तीन फूट, सहा फूट, दहा फूट, आणि शेवटी दोन्ही मागच्या कोपऱ्यांत. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक सीटवर, तुम्ही बादलीपाशी. त्याला स्वतःच्या डोळ्याने दिसू द्या की लाल रेघ म्हणजे नक्की किती फूट. किटमधल्या रेघा एका ठरावीक उंचीला आणि कोनाला धरून काढलेल्या असतात. हॅचबॅकवर आणि पिकअपवर त्या एकच अंतर दाखवत नाहीत. मालकाला हे माहीत हवं.

मग ब्रॅकेट हाताने हलवून बघा, दहा मिनिटं खड्ड्यांतून चक्कर मारा आणि पुन्हा एकदा बादली. शेवटी पाइपने पाणी मारून आतून ओल येते का बघा. पाऊस येईपर्यंत वाट बघायची नाही, पाऊस आपणच पाडायचा.

या अर्ध्या तासाचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही. पण पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना तो कॅमेऱ्याबद्दल बोलत नाही, बादलीबद्दल बोलतो. हे मी बघितलंय.

आता हिशोब

आकडे समजायला घेतलेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही टाका.

धरा, कॅमेरा आणि माउंट मिळून १,२०० रुपये. लग, नळी, सीलंट असा किरकोळ माल १२० रुपये. तुम्ही गिऱ्हाइकाकडून २,२०० घेता. हातात ८८० रुपये, वेळ दोन तास. पाच गाड्यांचे ४,४०० रुपये, दहा तास, म्हणजे तासाला ४४० रुपये. भाडं आणि वीज यातूनच जाणार.

आता पाचातली एक गाडी परत आली. जोडात पाणी गेलं, कॅमेरा गेला. नवा कॅमेरा १,२००, माल १२०, आणि आणखी दोन तास. ४,४०० मधून १,३२० गेले, राहिले ३,०८०. तास झाले बारा. म्हणजे तासाला साधारण २५७ रुपये. एका गाडीने तुमची कमाई चाळीस टक्क्यांहून जास्त खाल्ली. आणि तो माणूस चौकात काय बोलला, ते यात धरलेलंच नाही.

आता तिसरा हिशोब. प्रत्येक गाडीवर २० रुपये जास्त घाला : स्टीलचे स्क्रू, नायलॉक नट, चांगलं सीलंट. पाच गाड्यांचे १०० रुपये. हातात ४,३००, तासाला ४३०. म्हणजे तासाला फक्त दहा रुपये कमी. शेजारचा दुकानदार २०० रुपये कमी घेतो म्हणून तुम्ही हे २० रुपये वाचवायला गेलात, तर तुम्ही भावात नाही, कामात घसरलात.

आणि गिऱ्हाईक घासाघीस करतोच. तेव्हा भाव कमी करू नका, माउंट बदलून दाखवा. "दादा, हे ब्रॅकेट इतक्याला, हे हँडलवालं इतक्याला. तुमची गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला रोज जाते, मी हे घेतलं असतं." तीन पर्याय, तीन भाव, आणि तुमचं प्रामाणिक मत. माणूस ऐकतो.

सुरुवात कशी करायची

लगेच गाळा घेऊ नका. पहिले तीन महिने घरी जाऊन सेवा द्या. ड्रिल, होल-सॉ, मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा चिमटा, कव्हर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सोल्डर गन, हेडलाइटचा टॉर्च, एवढं एका पेटीत मावतं. पहिल्या दोन गाड्या स्वतःच्या किंवा घरच्यांच्या करा, आणि त्यांवर एक पाऊस जाऊ द्या. भंगारातून एखादा जुना डिकीचा दरवाजा आणा आणि त्यावर वीस भोकं पाडा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकणं म्हणजे त्याच्या पैशाने फी भरणं.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पुढे गाळा, रॅम्प, मोठी साधनं घ्यायची तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती काढा. तिथे ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. पण कर्ज घेण्याआधी दहा गाड्या करा. दहापैकी किती परत आल्या, हा आकडा तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त खरं सांगतो. जीएसटीचं म्हणाल, तर माल आणि सेवा दोन्ही देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते, त्याआधी सक्ती नाही. बिल मात्र पहिल्या दिवसापासून द्या.

प्रत्येक गाडीचं एक कार्ड करा. गाडीचं मॉडेल, माउंटचा प्रकार, तारीख, भोक कुठे पाडलं, मूळ वायर कापली की नाही, बादली कुठे कुठे दिसली. खाली गिऱ्हाइकाची सही आणि तुमची. आणि त्यावर एक ओळ छापा : "एक महिन्याने स्क्रू तपासणी मोफत." त्या तपासणीला पाच मिनिटं लागतात. ढिला स्क्रू तेव्हाच सापडतो, आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात दुसऱ्यांदा येतं. सीट कव्हर, सेन्सर, हॉर्न, पुढचं काम तिथेच निघतं.

शेवटचं एक

गाडी देताना मी शिकवलेल्या प्रत्येकाला एक वाक्य म्हणायला लावतो. "साहेब, स्क्रीन बघा, पण एकदा मान वळवूनही बघा. आणि गाडीजवळ लेकरं असतील तर आधी खाली उतरून चक्कर मारा." काही जणांना वाटतं, असं सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणेल, मग कॅमेरा कशाला घेतला? तसं कोणी म्हणत नाही. घरी लेकरं असलेला माणूस हे ऐकून उलट थोडा थांबतो.

मी त्या पोराला नवी तीनचाकी घेऊन दिली. निळी. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो तीच घेऊन माझ्या गाडीच्या मागे उभा होता, ऐटीत. मी गाडी बंद केली, उतरलो, त्याला कडेला घेतलं, मग ब्रॅकेट हाताने हलवून बघितलं. हललं नाही. हल्ली रोज निघताना हे करतो, दोन सेकंद लागतात.

आता तुमचं काम. या आठवड्यात आपल्या चौकात एक तास उभे राहा, आत वळणाऱ्या गाड्या मोजा, आणि घरातल्या कुठल्यातरी एका गाडीचं मागचं ब्रॅकेट हलवून बघा. धंद्याची पहिली गाडी कदाचित तीच निघेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!